दहा हेक्टरमध्ये मावशींचं घर

'नगररचना' हा विषय आपल्याकडे बहुतेक जण 'स्कोअरिंग' म्हणून घेतात. मीही तसाच घेतला. स्ट्रक्चरसारखी गणितं नाहीत, जिओटेकसारखी माती नाही. चार रंगीत शीट काढायची, ओरलला 'ग्रीन बेल्ट' आणि 'झोनिंग' हे दोन शब्द फेकायचे आणि सुटायचं, असा साधा हिशोब होता. तो कसा चुकला आणि त्या चुकीतून घनता, मिश्रण आणि परवडणं हे तीन शब्द मला कसे कळले, ते या लेखात लिहितो आहे. ज्युनिअर्सना सबमिशनलाही उपयोग होईल!

असाइनमेंट साधी होती. वाढत्या शहराच्या कडेला दहा हेक्टरची, म्हणजे साधारण पंचवीस एकरांची मोकळी जमीन धरा आणि तिथं निवासी लेआऊट करा. रस्त्यांना २२ टक्के, मोकळ्या जागेला १० टक्के, शाळा-दवाखाना वगैरे सुविधांना १३ टक्के. उरलेल्या ५५ टक्क्यांवर, म्हणजे ५५,००० चौ.मी.वर घरं. चटई क्षेत्र निर्देशांक, आपला लाडका एफएसआय, १.१. मी दोन रात्री जागून शीट काढलं. मधोमध बाग, भोवती इमारती, सगळे टू बीएचके, प्रत्येकी १०० चौ.मी. बांधीव. एकूण ६०५ घरं. झाडंसुद्धा स्टेन्सिलनं काढली होती.

सरांनी शीट बघितलं. "लाइनवर्क छान आहे," म्हणाले. "आता सांग, या सहाशे पाच घरांत धुणंभांडी करायला कोण येणार?"

मी गप्प.

"आणि ती बाई संध्याकाळी परत जाणार कुठं? तुझ्या शीटच्या बाहेर ना? मग शीट अपुरं आहे. परत काढ."

वर्ग हसला. मीही हसलो. पण रात्री मेसमध्ये ताटात पोळी पडली आणि वाढणाऱ्या मावशींकडे बघून पहिल्यांदाच डोक्यात आलं, की या राहतात कुठं?

घनता: एफएसआय म्हणजे घनता नव्हे

आधी पुस्तकी भाग उरकून घेऊ. आपल्यापैकी निम्म्या मुलांना (मलाही) वाटायचं, की एफएसआय वाढला की घनता वाढली आणि घनता वाढली की घरं स्वस्त झाली. दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत.

एफएसआय सांगतो की जमिनीच्या किती पट बांधकाम करायचं. त्या बांधकामात माणसं किती राहतील, हे तो सांगत नाही. सूत्र असं आहे:

लोकसंख्या = (निव्वळ भूखंड × एफएसआय ÷ एका घराचं सरासरी क्षेत्रफळ) × कुटुंबातली माणसं

कुटुंबात चार माणसं धरली तर माझ्या पहिल्या शीटवर ६०५ × ४ = २,४२० माणसं. दहा हेक्टरला भागलं तर ढोबळ घनता हेक्टरी २४२. पण हीच माणसं फक्त घरांखालच्या साडेपाच हेक्टरला भागली तर निव्वळ घनता हेक्टरी ४४०. माणसं तीच, जमीन तीच, आकडे दोन! म्हणून कुणी नुसती 'घनता अमुक' म्हणालं, तर आधी विचारा: ढोबळ की निव्वळ?

आता एफएसआयला हात न लावता घरांचे आकार बदलू. एकूण बांधकाम ६०,५०० चौ.मी. त्यातलं २० टक्के क्षेत्र ४० चौ.मी.च्या घरांना, ४० टक्के ६० चौ.मी.च्या घरांना आणि ४० टक्के १०० चौ.मी.च्या घरांना दिलं, तर:

४० चौ.मी.ची घरं – ३०२
६० चौ.मी.ची घरं – ४०३
१०० चौ.मी.ची घरं – २४२

एकूण ९४७ घरं, ३,७८८ माणसं. इंचभरही जास्त न बांधता ३४२ कुटुंबं जास्त मावली. आणखी एक गंमत बघा. लहान घरांना क्षेत्र दिलं २० टक्के, पण घरांच्या संख्येत ती ३२ टक्के झाली.

मग एफएसआय दुप्पट करून सगळे टू बीएचकेच ठेवले तर? १,२१० घरं, ४,८४० माणसं. पण बाग तेवढीच राहते, १०,००० चौ.मी. पहिल्या शीटवर माणशी चार चौ.मी. मोकळी जागा होती, मिश्र शीटवर २.६ आणि इथं जेमतेम दोन. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत शहरासाठी माणशी १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा सुचवली आहे, हे लक्षात घेतलं तर तिन्ही शीटं नापास! पाण्याचंही तसंच. पाणीपुरवठ्याच्या पुस्तकातला माणशी १३५ लिटरचा आकडा लावला तर पहिल्या शीटला रोज ३.२७ लाख लिटर लागतात, मिश्र शीटला ५.११ लाख आणि दुप्पट एफएसआयला ६.५३ लाख. नळ, ड्रेनेज आणि रस्ते या माणसांच्या मापानं काढावे लागतात, नुसत्या बांधकामाच्या मापानं नाही.

हा मुद्दा वर्षानुवर्षं मांडणारे शिरीष पटेल आपल्याच शाखेचे, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर होते. मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांचा. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत नवी मुंबईची कल्पना मांडणारेही तेच. पूल बांधणाऱ्याला शहराचं गणित कळायला हवं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

परवडणं: मावशींचा हिशोब

घरं लहान केली म्हणजे ती मावशींना परवडली, असं मी धरून चाललो होतो. सर म्हणाले, "धरू नकोस, विचार."

मावशी मूळच्या भूमकडच्या. मी बार्शीचा, म्हणजे गाववालेच म्हणायचे. त्यामुळं विचारायला अवघड गेलं नाही. त्यांचा पगार आणि काकांची वॉचमनची नोकरी मिळून घरात महिन्याला २४,००० रुपये येतात. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार. प्रधानमंत्री आवास योजनेनं २०१५ मध्ये 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' गटाची मर्यादा वर्षाला ३ लाख ठेवली. मावशी त्यात बसतात. दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहतात, भाडं ५,०००. कॉलेजला यायला-जायला बस आणि शेअर रिक्षा मिळून दीड हजार. सात वाजता आपल्याला चहा मिळतो, त्यासाठी त्या पाचला घर सोडतात.

आता बँकेच्या नजरेनं बघू. उत्पन्नाच्या ३० टक्के हप्ता झेपतो असं धरलं तर ७,२०० रुपये. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली, तर एक लाखाच्या कर्जाला महिना साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज ८ लाख. पदरचे २ लाख घातले तर दहा लाखांचं घर.

४० चौ.मी. म्हणजे ४३० चौ.फूट. एका ठेकेदाराला विचारून बांधकामाचा दर २,२०० रुपये धरला. नुसतं बांधकाम साडेनऊ लाखांच्या घरात गेलं! यात जमीन नाही, रस्ते-ड्रेनेज नाही, परवानग्यांचं शुल्क नाही, बिल्डरचं व्याज आणि नफा नाही. म्हणजे जमीन फुकट दिली तरच मावशींचा हिशोब कसाबसा जुळतो. कॅल्क्युलेटर मी तीनदा दाबून बघितला.

त्यात लिफ्ट. दहा-बारा मजली इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर आणि सफाई मिळून महिना दीड हजार मेंटेनन्स धरला, तर हप्त्याला उरले ५,७०० आणि कर्ज ८ लाखांवरून ६ लाख ३३ हजारांवर आलं. उंच इमारत म्हणजे स्वस्त घर, हा माझा दुसरा गैरसमजही इथंच गेला. आणि गरज तरी कुठं होती? ६०,५०० चौ.मी. बांधकाम तळ अधिक तीन मजल्यांत बसवलं, तर जमिनीवर १५,१२५ चौ.मी. व्यापतं. निव्वळ भूखंडाच्या २७.५ टक्के. जिने चढून जाण्याच्या इमारतींत सगळं बसतं!

मिश्रण: लहान घरं ठेवायची कुठं?

मग ही तूट भरायची कशी? याचं एक उत्तर इंदूरच्या अरण्य वसाहतीत आहे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० च्या दशकात ती आखली बाळकृष्ण दोशींनी, ज्यांचा जन्म पुण्यातला. २०१८ चं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं. सुमारे ८५ हेक्टर जमीन आणि साधारण साडेसहा हजार भूखंड. सर्वांत लहान भूखंड ३५ चौ.मी.चा. मोठे भूखंड मुख्य रस्त्यांच्या कडेला, मधले त्याच्या आत आणि गरिबांचे प्रत्येक सेक्टरच्या आतल्या भागात. मोठे भूखंड चढ्या दरानं विकून लहानांचा भार उचलला. गरिबाला पूर्ण घर दिलंच नाही. जोतं आणि संडास-मोरीचा गाभा दिला, बाकी ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

आपल्या जवळचं उदाहरण बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी आखलेलं. ४५ ते ७५ चौ.मी.चे भूखंड, सात-सात घरांमध्ये एक अंगण, बैठी आणि एक मजली घरं. तरीही हेक्टरी ५०० माणसांचं गणित. श्रीमंत आणि गरीब यांच्या भूखंडात फरक जेमतेम ३० चौ.मी.चा. मात्र आज तिथं फिरलात तर अनेक मूळ घरं पाडून मोठी बांधलेली दिसतील. घर बाजारात मोकळं सोडलं, की परवडणारं घर हळूहळू न परवडणाऱ्याकडे सरकतं, हाही धडाच.

महाराष्ट्रात २०१३ पासून नियम आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौ.मी.च्या घरांसाठी ठेवायचं आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. नियम चांगला आहे. पण तो कसा पाळायचा, हे ड्रॉइंग बोर्डावर ठरतं. माझंच बघा. मिश्र शीट काढताना मी ती ३०२ घरं कुठं ठेवली? कोपऱ्यात, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या मागं, स्वतंत्र गेट देऊन. मुद्दाम नाही. हात आपोआप तिकडे गेला. सरांनी त्या कोपऱ्यावर फक्त पेन्सिल टेकवली. यावेळी मला हसू आलं नाही.

जुन्या पुण्यातल्या वाड्यात मालक दिवाणखान्यात, कारकून माडीवर आणि कष्टकरी कुटुंब मागच्या खणात राहायचं. तिथं उच्चनीच होतं, जात होती, हे विसरून चालणार नाही. तरी अंगण आणि दिंडीदरवाजा बऱ्याच वाड्यांत एकच होता. पुढे भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकानं दुरुस्ती सोडली, नवीन भाडेकरू ठेवायची भीती बसली आणि भाड्याचं स्वस्त घर बांधणं हा धंदाच बंद झाला. आपण मालकीच्या घरांबद्दलच बोलत राहतो, पण गावाकडून नुकत्याच आलेल्या माणसाला आधी भाड्याचीच खोली लागते.

पाच लाख कुणी द्यायचे?

वाकडला माझ्या मोठ्या भावानं कर्ज काढून टू बीएचके घेतलाय. त्याला माझं गणित दाखवलं. लहान घराचा जमिनीसकट खर्च १८ लाख धरला आणि मावशींना ते १० लाखांना दिलं, तर तूट ८ लाख. ३०२ घरांची २४ कोटी १६ लाख. ती बाकीच्या ४८,४०० चौ.मी.वर पसरली तर चौरस फुटाला साधारण ४६४ रुपये, म्हणजे एका टू बीएचकेवर पाच लाख.

"म्हणजे ते मी भरायचे?" दादा भडकला. "माझा हप्ता बघितलास का? श्रीमंत दुसरेच आहेत, मी नाही."

त्याचं चूक नव्हतं. मी सरांकडे गेलो आणि या सगळ्या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तिथं कळली. नियम जमीन विकत घेण्याआधी पक्का असेल, तर बिल्डर तो धरूनच जमिनीचा भाव लावतो. विक्रीतून येणारे पैसे वजा बांधकाम, वजा लहान घरांची तूट, वजा नफा, आणि उरेल तो जमिनीचा भाव. म्हणजे तूट बरीचशी जमिनीच्या चढ्या किमतीतून निघते, दादाच्या खिशातून नाही. नियम नंतर आला किंवा तो टळेल अशी आशा असली, तर मात्र जमीन महागच घेतली जाते आणि भार ग्राहकावर येतो. म्हणून नियम लवकर आणि सगळ्यांना सारखा हवा.

याहून पक्का मार्ग नगररचना योजनेचा. आपल्याकडे हा कायदा १९१५ चा, आता १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधा काढून त्यांना लहान पण जास्त किमतीचे भूखंड परत द्यायचे आणि काही जमीन सार्वजनिक ताब्यात ठेवायची. जमीन ताब्यात असली, की 'जमीन फुकट दिली तर' हा वर आलेला अशक्य वाटणारा 'तर' शक्य होतो. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माणमध्ये अशी योजना हाती घेतली. पण हे शहर पोचण्याआधी करायला हवं. पिंपरी-चिंचवड २००१ ते २०११ या दहा वर्षांत दहा लाखांवरून सतरा लाखांपुढे गेलं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली (त्यातली दोन पुढे वगळली). बऱ्याच ठिकाणी गाव हद्दीत येण्याआधीच प्लॉट पडलेले होते.

अर्धा गुंठा

हे प्लॉट म्हणजे काय, ते मावशींमुळंच कळलं. एका रात्री भांडी आवरल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढला. "दादा, तू इंजिनियर होणार ना? हे बघ बरं जरा."

स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार होता. शहरालगतच्या एका गावात अर्धा गुंठा. उद्या पन्नास हजार विसार द्यायचा होता. मी कागद सरांना दाखवला. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार बरेच, बिगरशेती आदेश नाही, मंजूर लेआऊट नाही, रस्ता फक्त हातानं काढलेली रेघ. अशा तुकड्यांसाठी आपल्याकडे २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करण्यासाठी होता, २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. म्हणजे शहरानं आधी जागा ठेवायची नाही, लोकांनी मिळेल तिथं बांधायचं आणि वीस वर्षांनी दंड भरून नियमित करायचं. घनता तिथं आमच्या शीटपेक्षा जास्तच असते. फक्त ड्रेनेज, शाळा आणि अग्निशमनाची गाडी वळेल एवढा रस्ता नसतो.

मी मावशींना म्हणालो, "मावशी, पैसे देऊ नका. हे मंजूर नाही."

त्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मंजूर हाय ते परवडत न्हाई, आन् परवडतंय ते मंजूर न्हाई. मग आमी ऱ्हायचं कुठं, ते सांग."

मी दोन सेमिस्टर शिकलेल्या विषयात याचं उत्तर शोधत होतो. सुचलं नाही.

त्यांनी पैसे दिले नाहीत. मी त्यांचा म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरून दिला. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला काढायला त्यांचे तीन दिवसांचे खाडे पडले. सोडतीत नाव आलं नाही. तो अर्धा गुंठा त्यांच्याच गल्लीतल्या एकानं घेतला. आता तिथं पत्र्याची खोली उभी आहे, वीजही आली आहे. मावशी अजून भाड्याच्याच खोलीत आहेत. माझा सल्ला कायद्यानं बरोबर होता. पण त्यांचं भलं झालं की नुकसान, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

शेवटचं शीट मात्र मी मनापासून काढलं. ९४७ घरं, सगळ्या इमारती तळ अधिक तीन. लहान घरं प्रत्येक चौकात विखुरलेली, एकच गेट, बस थांबा पाच मिनिटांच्या अंतरावर, काही घरं भाड्यानंच देण्यासाठी राखीव. सांडपाणी प्रकल्प उताराच्या टोकाला आणि त्याच्या शेजारी क्लब हाऊस! सरांनी पंचवीसपैकी एकोणीस दिले. "मोकळी जागा अजून कमी आहे," म्हणाले. खरंच आहे.

तर ज्युनिअर मित्रांनो, लेआऊट करायला बसाल तेव्हा एफएसआयपासून सुरुवात करू नका. आधी मेसमध्ये जा आणि वाढणाऱ्या माणसाला त्याचा पगार, भाडं आणि घरापासूनचं अंतर विचारा. त्या आकड्यांवरून घर काढा, घरांवरून घनता, घनतेवरून पाणी आणि रस्ते. एफएसआय सर्वांत शेवटी येऊ द्या.

आणि विचारायला जाताना ताट स्वतः उचलून ठेवा. मावशींना पाचला घर सोडायचं असतं.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी